पियूषचे जुने टी-शर्ट

हुडकेश्वर, नागपूर
१२ जुलै

ती. आई,

तुम्हाला आणि बाबांना नमस्कार.

दोन वर्षांनी लिहितेय. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तुम्ही उचलत नाही. बाबा उचलतात तेव्हा मागे टीव्ही मोठ्याने लागलेला असतो आणि ते "हो, हो, ठीक आहे" म्हणून ठेवून देतात. पत्र निदान फाडायच्या आधी एकदा उघडाल, म्हणून पत्र.

आम्ही बरे आहोत. रितिका अकरा वर्षांची झाली. उंची तुमच्याकडची घेतली आहे, माझ्या खांद्याला लागते. मी घरीच ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. चाललंय आमचं.

काम एकच आहे. पियूषचे लग्नाआधीचे कपडे तुमच्या खोलीतल्या ट्रंकेत आहेत. त्यातले टी-शर्ट मला पाहिजेत. कॉलेजमधले, व्हॉलीबॉलच्या टुर्नामेंटचे, कसेही असोत. रंग उडालेले, भोकं पडलेले चालतील. उलट तेच जास्त चांगले. शर्ट-पँट नको, स्वेटर नको. इथे आमच्या कपाटात त्याचे होते ते संपले.

मी त्यातून रितिकासाठी कपडे शिवते. हल्ली पुष्कळ जणी शिवतात जुन्या टी-शर्टांचे, मोबाइलवर बघून. कापड मऊ असतं म्हणून, दुसरं काही नाही.

सावनेरहून रोज कुणी ना कुणी नागपूरला येतंच. त्यांच्या हाती पिशवी दिली तर मी बसस्टँडवर येऊन घेईन. नाही, बसस्टँडवर नको. घरापर्यंत आणून द्यायला सांगा. रितिकाला घेऊन सध्या बाहेर पडणं जमत नाही आणि तिला ठेवायला कुणी नाही.

त्या तेरवीच्या दिवसाबद्दल मला काही लिहायचं नाही. तुम्हीही मनात आणू नका.

सोनिका


६ ऑगस्ट

ती. आई,

काल बाबांचा फोन आला. या वेळी टीव्ही बंद होता, बहुतेक अंगणात येऊन बोलत होते.

"सोनिका, तुहं पत्र आलं वं. मीच वाचून दाखवलं तिले."

"मग?"

"मग काई नाई. उठली अन् ट्रंकेवर जाऊन बसली. म्हणे, माह्या लेकाच्या कपड्याले कैची लावाले मांगते काय ते? पोरीले नवे घेऊन दे म्हणा. आता मी काय करू, तूच सांग."

मग तेच म्हणाले, "तू काहून नाई लिवत तिले नीट, काय झालं ते? पत्रात तं सगळं बरं हाय म्हणून लिवते."

म्हणून आज नीट लिहिते.

बरं नाही, आई. रितिका पियूषच्या टी-शर्टाशिवाय दुसरं काही अंगाला लावून घेत नाही. लहानपणापासून तिला कॉलरमागची लेबलं टोचायची, लेस टोचायची, तुम्ही पाहिलं आहे. तेव्हा निभायचं. पियूष गेला आणि त्यानंतर एकेक करून तिने सगळंच सोडलं. आधी शाळेचा फ्रॉक, मग सलवार, मग अगदी सुती पेटीकोटसुद्धा. घातलं की "टोचते, टोचते" म्हणत मान खाजवून रक्त काढते. रामदासपेठेतल्या डॉक्टर मॅडम म्हणतात, ऑटिझमच्या मुलांत हे असतं. आपल्याला जिथे नुसती शिवण लागते तिथे तिला करवत फिरल्यासारखं वाटत असेल. हा हट्ट नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. उपचार चालू आहेत, पण त्या म्हणतात वेळ लागेल. पोरगी वाढायची थोडीच थांबणार आहे.

कैची लावते हे खरं आहे. कशी लावते ते सांगते. छातीवर जी छपाई असते ती रबरासारखी कडक होते, ती चालत नाही, म्हणून पुढचा भाग बहुतेक बाजूला ठेवावा लागतो. पाठ मिळते. दोन टी-शर्टांच्या दोन पाठी जोडल्या की एक झगा होतो. गळ्याची पट्टी मूळचीच ठेवते, कारण ती पियूषच्या मानेने सैल झालेली असते, नवी पट्टी कितीही मऊ लावा, तिला कळतं. सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला घेते. लोकांना वाटतं उलटा घातला. बाह्यांमधून तिच्या चड्ड्या होतात. उरलेल्या पट्ट्या एकमेकींना जोडून पायजम्याचे पाय केले होते, ते तिने वर्षभर वापरले. कापडाचा एक तुकडा मी टाकलेला नाही. तुम्हाला वाटत असेल मी त्याचे कपडे फाडून टाकतेय. तसं नाही.

आता दोनच झगे उरले आहेत आणि दोन्ही अपुरे होत चाललेत. पाऊस थांबत नाही. एक धुतला की दुसरा अंगात, आणि धुतलेला दोन दोन दिवस ओला. इस्त्रीने सुकवला तर कापड करकरीत होतं, तेही तिला चालत नाही. मग ती चादर गुंडाळून पंख्याखाली बसते आणि मी वाळत घातलेल्या झग्याला सारखा हात लावून पाहते.

पाठवा ना, आई.

सोनिका


२१ सप्टेंबर

ती. आई,

फ्रॉक मिळाला. गुलाबी, जाळीचा, टिकल्यांचा. माप अगदी बरोबर घेतलंत, न बघता. दुकानात उभं राहून हातानेच उंची दाखवली असेल तुम्ही.

मी तो तिला दाखवला. घाल म्हटलंसुद्धा नाही, नुसता पलंगावर ठेवला. तिने तो खिडकीतून खाली टाकला. पार्वतीबाई, म्हणजे आमच्या घरमालकीण, खाली राहतात, त्यांच्या तुळशीवर पडला. त्या वर घेऊन आल्या.

"एवढा मोलाचा फ्रॉक फेकून राहिली पोरगी, अन् तू पाहून राहिली?"

दारातून त्यांना आत रितिका दिसली, चादर गुंडाळून बसलेली. चादर खांद्यावरून घसरली होती. त्यांनी फ्रॉक माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "सोनिका, हे बरं दिसत नाई वं. ते आता मोठी होऊन राहिली. बाजूले बॅचलर पोट्टे राहतात. काई कर, नाई तं दुसरी खोली पाहा."

त्या वाईट बाई नाहीत. खरं तेच बोलल्या.

शाळा सुटली आहे. तिच्यासारख्या मुलांचीच शाळा आहे ती, त्यांनी पुष्कळ सांभाळून घेतलं, उलट्या शिवणीचे झगे चालवून घेतले. पण एक झगा काखेत फाटला. ठिगळ लावलं तर ते ठिगळ ती दिवसभर कुरतडत बसते. उरलेल्या एकावर पावसाळ्यात शाळा कशी करू? बाईंचा फोन आला होता. मी ताप आहे म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यातही तापच सांगितला.

आज मी मनातलं लिहिणार आहे. फाडायचं तर फाडा.

तेरवीच्या दिवशी तुमच्या अंगणात सगळे सोयरे बसले होते आणि रितिका पियूषचा राखाडी टी-शर्ट घालून फिरत होती, गुडघ्याखाली येणारा. तुम्ही म्हणालात काढ तो. ती काढेना. तुम्ही तिचा दंड धरून सगळ्यांसमोर ओढलात. टी-शर्ट खांद्यावर फाटला आणि ती तुमच्या हाताला चावली. मग तुम्ही म्हणालात, "हे पोट्टी नसती तं माहा लेक वाचला असता. हिच्यापायी तो दवाखान्यात गेला नाई."

तो ताप अंगावर काढत राहिला हे खरं आहे. मी म्हणत होते चल, तो म्हणत होता, मी गेलो तर ही झोपणार नाही, उद्या बघू. डेंगू निघाला तेव्हा प्लेटलेट्स पार खाली गेल्या होत्या. हे सगळं खरं आहे. पण तुम्ही ते नऊ वर्षांच्या मुलीला सांगितलंत. तुम्हाला वाटलं तिला काय कळतं. तिला बोलता येत नाही नीट, म्हणून कळत नाही असं नाही. त्या दिवशी आम्ही निघालो, बसमध्ये ती तो फाटका खांदा तोंडात धरून बसली होती. तेव्हापासूनच तिने एकेक करून बाकीचं सगळं सोडलं.

मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. तुमचा एकुलता एक गेला. पण त्याचे कपडे ट्रंकेत ठेवून तो परत येणार नाही, आणि इथे त्याची मुलगी चादर गुंडाळून बसली आहे.

सोनिका


८ नोव्हेंबर

ती. आई,

बाबांनी स्वतः आणून दिलेली पिशवी मिळाली, त्याला महिना होऊन गेला. बाबा जिन्यातच उभे राहिले, आत या म्हटलं तर म्हणाले, "नको, पोरगी घाबरन." खालून पार्वतीबाईंनी चहा दिला तो अर्धा पिऊन गेले. तुम्ही काय म्हणालात ते विचारलं, तर म्हणाले, "काई नाई म्हणाली. कुलूप काढून दिलं अन् देवघरात जाऊन बसली."

मला माहीत आहे तुम्हाला किती जड गेलं असेल. मी पिशवी उघडायच्या आधी हात जोडले, खरंच.

आई, ते चालले नाहीत.

तुम्ही किती जपून ठेवले होते. प्रत्येकाची घडी, मधे कागद, कोपऱ्या-कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. पिशवीची गाठ सोडली तसा वास खोलीभर झाला. रितिकाने नाक दाबलं, बाथरूममध्ये जाऊन उलटी केली आणि दार लावून घेतलं. मी सगळे धुतले. ऊन बरं होतं, गच्चीवर पसरले. पुन्हा धुतले. लिंबू घातलं, रिठा घातला. वास कमी झाला, पण हाताला कापड कडक लागतं. घडीच्या जागी तर पापडासारखं. ज्याला कुणी घालत नाही ते कापड असं होत असेल, मला माहीत नव्हतं. तरी मी पिवळ्यातून एक झगा बेतला, टीपही मारली. तिने तो हातात घेतला, गालाला लावला आणि मनगट चावलं. अजून वळ आहे.

त्या दिवशी मी शिलाई मशीनवर डोकं ठेवून रडले. तुमचाही राग आला. एवढं सांभाळलंत, एवढं सांभाळलंत की कामाचं राहिलं नाही.

आणखी एक. मागच्या महिन्यात तिला पाळी आली. मी तिला काय सांगितलं, तिला काय कळलं, देव जाणे. तिच्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या चड्ड्या धुऊन धुऊन मी दिवस काढले. ती घाबरली होती आणि मला बिलगू पाहत होती, पण माझा कुर्ता तिला टोचतो, म्हणून अर्धवट जवळ यायची आणि मागे व्हायची.

तेव्हा मी तुमच्या पिशवीतला मरून टी-शर्ट घातला. दुसरं काही सुचलं नाही म्हणून. तोच घालून राहिले. त्यातच स्वयंपाक, त्यातच मशीनवर बसणं, त्यातच झोपणं. धुवायचा, वाळवायचा, पुन्हा तोच. गिऱ्हाइकं आली की वरून ओढणी घ्यायची. परवा मी भाजी निवडत होते, रितिका मागून आली आणि माझ्या पाठीला गाल लावून उभी राहिली. हलले नाही मी. मग तिने टी-शर्टाची कड मुठीत धरली.

आज त्याच मरूनचा झगा तिच्या अंगात आहे. एकच पाठ मिळाली, म्हणून आखूड झालाय आणि खाली जुन्याची पट्टी जोडली आहे. पण घातला आहे.

कापड अंगात मुरावं लागतं, एवढंच आहे ते. घाम लागून, धुऊन, वाकून, बसून. पण माझं अंग एक आणि टी-शर्ट डझनभर. असा एकेक घालत बसले तर ती कपड्याविना मोठी होईल.

म्हणून अर्धे परत पाठवतेय, कुरिअरने. कापलेले नाहीत. बाबांना घालायला सांगा. आणि आई, तुम्हीही घाला. मला माहीत आहे मी काय मागतेय ते.

सोनिका


१४ डिसेंबर

ती. आई,

तुमच्याकडून काही आलं नाही. कुरिअर पोचल्याचा मेसेज आला आहे, म्हणजे पोचलं आहे.

इथे थंडी पडली आहे. सकाळी तोंडातून वाफ निघते. रितिका स्वेटर घालत नाही, गोधडी घेत नाही, लोकर तर लांबूनही नको. मरून झगा आणि वर चादर. मी घालतेय तो टी-शर्ट अजून मुरला नाही. रात्री पाय बर्फासारखे लागतात. मी खोलीत शेगडी ठेवली तर पार्वतीबाईंनी ती उचलून नेली. म्हणाल्या, "दार बंद करून कोळसे लावते, दोघी मराच्या हाय काय?" मग त्यांनी त्यांचा हीटर आणून दिला. त्याची लाल तार पाहून रितिका कोपऱ्यात जाऊन बसते.

छातीत कफ झाला आहे तिच्या. डॉक्टर तपासायला घेतात तेव्हा चादर काढावी लागते, मग तिथे जे होतं ते लिहीत नाही.

मी एक संस्था बघून आले. बाहेरगावी आहे, अशा मुलांना ठेवून घेतात. त्या दिवशी रितिकाजवळ पार्वतीबाई बसल्या होत्या, खोली सोडा म्हणणाऱ्या त्याच. संस्था स्वच्छ आहे. जेवण बरं आहे. सगळ्या मुलींना एकसारखे निळे कपडे, टेरिकॉटचे. मी तिथल्या बाईंना म्हटलं, माझी मुलगी हे घालणार नाही.

"सवय होते मॅडम," त्या म्हणाल्या. "पहिले काही दिवस हात धरून ठेवावे लागतात. मग दमतात, मग घालतात."

रागाने नाही बोलल्या. रोजचं काम सांगावं तसं सांगितलं. व्हरांड्यात एक मुलगी बसली होती, निळा फ्रॉक घातलेली, भिंतीकडे तोंड करून. दमलेलीच दिसत होती.

संक्रांतीनंतर आणा म्हणाले आहेत. मी हो म्हणून आले. घरी येईपर्यंत बसमध्ये मला स्वतःचीच शिसारी येत होती, पण मी हो म्हणून आले आहे. कारण इथे ती गारठून आजारी पडेल, किंवा मी पडेन, आणि मग तिला कोण घेणार आहे?

तुम्हाला कळवणं माझं काम, म्हणून कळवलं. आता मागण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही.

सोनिका


सावनेर
५ जानेवारी

सोनिका,

हे पत्र तुहे बाबा लिवून राहिले, मी सांगून राहिली. माही बोटं आता पेनावर वाकत नाईत. जसं बोलते तसंच लिवा म्हटलं त्याईले, सुधरवू नोका.

तू वापस धाडलेले कपडे आले तवा मी लय तापली तुह्यावर. म्हटलं, देवाजवळून उठून दिले, तं ते वापस करते. वरून म्हणते घाला. मी म्हातारी बाई, लेकाचा टी-शर्ट घालू? तुह्या बाबानं त्याच दिवशी घातला. पांढरा, पाठीवर आठ नंबर. घालून चौकात गेले. लोकं हासले त्याईले, म्हणे देवराव आता व्हॉलीबॉल खेळते काय. मी बोललीच नाई त्याईच्याशी. पण रोज धू, रोज घाल, हे चालूच. मी पाहो अन् तोंड फिरवो.

मंग एक दिवस सकाळी न्हाऊन आली. थंडी होती, ब्लाउज ओलंच होतं. समोर तो निळा पडून होता. घातला. लुगड्याच्या आत कोणाले काय दिसते? वाटलं रडू येईन. नाई आलं. गरम वाटलं फक्त. भांडे घासले, तुरीच्या शेंगा सोलल्या, म्हशीले पाणी दाखवलं, अन् दुपारी ध्यानात आलं का मी इसरूनच गेली आंगात काय हाय ते.

सोनिका, ट्रंक उघडून मी रोज पाहो ना, तवा रोज तो मेलेला दिसे मले. घडी केलेला. आंगात घातल्यावर तसं नाई झालं. लेक संगं कामाले असल्यावानी वाटलं.

तुहं डिसेंबरचं पत्र आलं ते मी तुह्या बाबाकडून दोन खेपा वाचून घेतलं. लगेच नाई धाडले कपडे, कारण ते मुरले नव्हते. अर्धवट धाडून पोरीचं मनगट अजून चावाले लावू काय? दोघंबी घालून राहिलो होतो. रात्रीबी घालून झोपो.

तेरवीच्या दिवशी मी बोलली ते बोलली. ते आता तोंडात वापस घालता येत नाई. पोरीनं बापाले मारलं नाई, तापानं मारलं, हे मले तवाबी मालूम होतं. कोणाच्या तरी आंगावर टाकाचं होतं. तू उलटून बोलली असती, म्हणून तिच्या आंगावर टाकलं, ते बोलत नाई म्हणून. असं हाय ते. माह्या हाताले तिच्या दाताची खूण हाय अजून, अन् ते मले पटते.

पोरीले तिकडे धाडू नोको. हात धरून घालतात म्हणते. मीबी तं हातच धरला होता तिचा. काय झालं पाह्यलं ना.

कैची लाव. बेफिकीर लाव. सोडा नाई, साबण नाई लावला जास्तीचा, साध्या पाण्यातून काढले. एक मी ठेवून घेतला हाय, तो मांगू नोको.

पुष्पलता

खाली मी देवराव लिहितो. पांढरा माझा आहे, बाकीचे दोघांचे. ती सांगत नाही पण ती रडली होती. रितिकाला आशीर्वाद.


हुडकेश्वर, नागपूर
१९ जानेवारी

आई,

पिशवी संक्रांतीच्या आदल्या दिवशी आली. आधी लिहिलं नाही, कारण काय होतं ते बघायचं होतं. मागच्या वेळेसारखं झालं असतं तर तुम्हाला कळवायची हिंमत मला झाली नसती.

मी पिशवी गच्चीवर नेऊन उघडली, खोलीत नाही. वाकून वास घेतला. धूर, तूर, म्हशीचा गोठा, आणि खाली कुठेतरी तुमचं ते आवळ्याचं तेल. डांबराचा वास नव्हता. हात लावला तर कापड हाताखाली पडून राहिलं, पाण्यात भिजवलेल्या पोळीसारखं. तरीही मला भरवसा नव्हता. निळा घेऊन खाली आले, पलंगावर ठेवला आणि मशीनकडे तोंड करून बसले. बघायची हिंमत नव्हती.

मशीनला तेल घातलं, दोरा ओवला. मग तिने माझ्या खांद्यावर टिचकी मारली. निळा टी-शर्ट तिच्या हातात होता. तिने तो मशीनवर ठेवला, सुईखाली, पाठीची बाजू वर करून. आई, मी तिला कधी असं सांगितलेलं नाही. एवढी वर्षं ती कोपऱ्यात बसून पाहत होती.

मी कापत असताना ती बाही धरून बसून राहिली, सोडेना, म्हणून बाहीसकटच झगा शिवला. पहिल्यांदाच तिच्या झग्याला लांब बाह्या आहेत. तिने स्वतः घातला. मान खाजवली नाही. थोड्या वेळाने मी पाहिलं तर नाक गळ्यात खुपसून बसली होती. तो वास पियूषचा नाही, हे मला कळतं, तर तिलाही कळत असणार. लहानपणी तुमच्या मांडीवर झोपायची ती, ते मी विसरले होते. ती विसरली नसावी.

पांढऱ्याचा पायजमा केला. आठ आकडा छपाईचा होता, तो कापून काढावा लागला, बाबांना सांगा. कापून काढलेला आठ तिने उशीखाली ठेवला आहे.

कफ आहे अजून, पण डॉक्टरांना झगा वर करून तपासू दिलं. शाळेच्या बाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, सोमवारपासून अर्धा दिवस आणून बघा.

संस्थेत फोन केला. नाही आणत म्हटलं. त्या म्हणाल्या, जागा दुसऱ्या मुलीला जाईल. जाऊ द्या म्हटलं. फोन ठेवल्यावर भीती वाटली, कारण जागा गेलीच आहे आता आणि हे कपडे काही जन्मभर पुरणार नाहीत. ती अजून वाढेल. पियूषचे टी-शर्ट इथे संपणार, तिथे संपणार. मग आपल्याला दुकानातून नवे आणून घालायला लागतील, मला, तुम्हाला, बाबांना, बारा महिने. पार्वतीबाई म्हणाल्या, "एक मलेबी दे, माहं आंग मोठं हाय, लवकर मुरन." त्यांच्या मापाचा कुठे मिळतो बघावं लागेल.

आई, तुमचं पत्र मी रितिकाला वाचून दाखवलं. तिच्याबद्दलचं ते सगळं, खूण आहे ते, बोलत नाही म्हणून टाकलं ते. वगळलं नाही. तिने ऐकलं की नाही सांगता येत नाही, ती खिडकीकडे बघत होती. माझं मात्र वाचताना दोनदा अडलं. तुम्ही लिहिलंत ते विसरता येण्यासारखं नाही आणि मी विसरणारही नाही. पण या दोन वर्षांत माझ्याशी कुणी इतकं खरं बोललेलं नाही.

पुढचे कपडे पिशवीतून पाठवू नका. निळ्याला दोन दिवसांनी तुमचा वास राहणार नाही. तुम्ही या. बाबांनाही आणा, या वेळी त्यांना जिन्यातून परत जाऊ देणार नाही. जो ठेवून घेतलात तो घालूनच या, मी मागणार नाही.

सकाळच्या गाडीने आलात तर उन्हं वर यायच्या आत पोचाल. पार्वतीबाईंनी तुमच्यासाठी खाट खाली काढून ठेवली आहे. आल्यावर हाक मारू नका, मोठ्या आवाजाला ती दचकते. नुसतं फाटक उघडा. कालपासून रितिका झगा घालून खालच्या पायरीवर उन्हात येऊन बसते आहे.

सोनिका